अकरा चकत्या आणि जिल्हाभरच्या विहिरी

मित्रांनो, आत्मवृत्ताची सुरुवात 'मी एक जुना अमुक आहे' अशी करायची रीत आहे. जुना मी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण 'एक' म्हणता येत नाही. मी अकरा आहे. जेवायच्या ताटाएवढ्या अकरा गोल चकत्या, काकवीच्या रंगाच्या, एका दांड्यात ओवलेल्या. या सगळ्यांना मिळून डिस्क पॅक म्हणतात. खोलीभर पसरलेल्या मोठ्या संगणकाची, म्हणजे मेनफ्रेमची, मी आठवण होतो. संगणक हिशेब झटक्यात करायचा, पण वीज गेली की सगळं विसरायचा. मी विसरत नसे.

दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला स्वस्थ बसवत नाही. माझा जन्मच गरगर फिरण्यासाठी झाला. आता कित्येक दिवस मी एका जागी आहे, तरी आतून फिरणं थांबलेलं नाही. तेव्हा सांगता सांगता मी मध्येच कुठं निसटलो, तर धरून आणा.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथं धुळीच्या कणालासुद्धा आत यायची बंदी होती. ॲल्युमिनियमच्या चकत्यांवर त्यांनी लोखंडाच्या गंजाचा लेप दिला. माणसं म्हातारपणी गंजतात, मी गंजूनच जन्मलो. या गंजात चुंबकाचे बारीक बारीक ठिपके उमटतात, आणि त्या ठिपक्यांतच आकडे आणि अक्षरं राहतात.

काही वर्षं मी मुंबईच्या एका कचेरीत फिरलो. तिथं नवं यंत्र आलं, आणि जुनं यंत्र माझ्यासकट ट्रकमध्ये चढलं. परभणीच्या जकात नाक्यावर कारकुनानं माझं टोपण उघडून पाहिलं.

"हे काय हाय?"

"ताटं असतील," ड्रायव्हर म्हणाला.

कारकुनानं मोजली. "अकराच? डझनाला एक कमी?"

"रस्ता खराब हाय ना, साहेब."

माझी जकात 'भांडी' या सदरात भरली गेली. परभणीत माझी पहिली नोंद ही अशी.

मला नेलं ते गोदाकाठ विहीर गणना केंद्रात. जिल्ह्यातल्या प्रत्येक विहिरीत उन्हाळ्यात किती पाणी आहे, याचे आकडे तिथं ठेवत. केंद्राचे प्रमुख भगवानराव. यंत्राच्या खोलीत थंड हवेचं यंत्र होतं, त्यामुळं मे महिन्यात परभणीत स्वेटर घालणारे ते एकटेच. यंत्र चालवायचा सूर्यभान, हैदराबादला शिकून आलेला तरुण. शिपाई सटवाजी. आणि आकडे यंत्रात चढवायला रोजंदारीवर केशरबाई. तिची बोटं अशी चालत, की मला वाटे, हिच्या हातांनासुद्धा माझ्यासारखंच स्वस्थ बसवत नाही.

मी काम कसं करत होतो, ते ऐका. सटवाजीला मी गाण्याच्या तबकड्यांचा गड्डा वाटलो होतो. पहिले काही दिवस तो रोज विचारी, "सूर्यभानसाहेब, आज तरी वाजवा की." पण तबकडीवर आत आत जाणारी एकच रेघ असते. माझ्यावर सुटी कडी आहेत, एकात एक. विहिरीत दगड टाकला की पाण्यावर उठतात तशी. फरक एवढाच की ती विरतात, माझी विरत नाहीत.

चकत्यांच्या मधल्या फटींतून एक फणी आत-बाहेर धावायची. तिच्या दातांच्या टोकांना वाचणारी-लिहिणारी डोकी होती. ती मला कधीच टेकत नसत. माझ्या फिरण्यानं जो वारा सुटे, त्यावर ती तरंगत. मधली फट इतकी कमी, की विडीच्या धुराचा एक कण अडकला तरी दोघांचा निकाल लागला असता. म्हणून सटवाजीला विडी बाहेर जाऊन ओढावी लागे. त्याला वाटे साहेब कडक आहेत. साहेब कडक नव्हते, मी नाजूक होतो.

माझ्या आधी असे आकडे टेपवर ठेवत. टेप म्हणजे प्रत्येक फाट्यावर थांबणारी एसटी. शेवटच्या गावची विहीर हवी असेल, तर आधीच्या सगळ्या विहिरी वाचत जावं लागे. माझं तसं नव्हतं. आधी तालुका बघायचा, मग गाव, मग विहिरीचा क्रमांक, आणि फणी थेट त्या कड्यावर. जिंतूरची विहीर हुडकताना गंगाखेडात चौकशी करत बसावं लागत नसे.

आणि सगळ्यांत बाहेरच्या कड्यावर माझी सूची होती. कोणती फाईल कुठल्या कड्यापासून कुठल्या कड्यापर्यंत आहे, ते तिथं लिहिलेलं. संगणक आधी सूची वाचणार आणि मग फणीला पळवणार. सूचीत नाव नसेल, तर संगणकाच्या लेखी ती फाईल जगातच नाही. मित्रांनो, एवढं एक ध्यानात ठेवा.

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. तहसीलदार येत, शाळांच्या सहली येत. एका गुरुजींनी मुलांना सांगितलं, "याच्या पोटात आख्खा जिल्हा आहे." एका मुलीनं विचारलं, "मग आपण कुठं उभं आहोत?" गुरुजींनी सहल पुढं नेली.

पण बाहेरची हवा चांगली नव्हती. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं, अशी मागणी होती. अठ्ठ्याहत्तर साली विधिमंडळात तसा ठराव झाला, आणि गावोगाव जाळपोळ झाली. ज्यांना ते नाव हवं होतं, त्यांचीच घरं जळली. त्यानंतर ठराव तसाच पडून राहिला. नामांतर हा शब्द कचेऱ्यांत कुणी मोठ्यानं उच्चारत नसे.

केशरबाई दुधगव्हाणची. गावाच्या कडेला तिची वस्ती, वस्तीला एकच विहीर. अठ्ठ्याहत्तरच्या त्या दिवसांत कुणीतरी त्या विहिरीत गाडाभर दगड लोटले. वस्तीनं निघाले तेवढे दगड काढले, पण विहीर उथळ झाली ती झालीच. उन्हाळ्यात केशरबाईची आई बायनाबाई दोरीला धरून तळाशी उतरे आणि वाटीवाटीनं घागर भरे. हे मला कसं ठाऊक? पाण्याची पातळी माझ्यावरच लिहिलेली होती: तळाला वीतभर. बाकीचं केशरबाई बोलायची. त्या खोलीत बोललेलं ऐकायला माझ्याशिवाय दुसरं होतं तरी कोण?

आता मूळ गोंधळ. विहिरींच्या फाईलीच्या नावात साल असे. नवं साल लागलं की नाव बदलायचं. माझ्या दृष्टीनं हे डोळ्याची पापणी लवण्याचं काम. सूचीतलं नाव तेवढं बदलतं, एकही विहीर जागची हलत नाही. पहिल्या वर्षी सूर्यभान परवानगी मागायला गेला.

"साहेब, नाव बदलायचंय."

भगवानरावांनी उठून दार लावलं. "हळू बोल. काय बदलायचंय?"

"फाईलीचं नाव."

"वरून आदेश हाय का?"

"फाईलीचं हाय, साहेब."

"आज फाईलीचं म्हणशील. उद्या पेपरात येईल, विहीर केंद्रात नामांतर. मग दोन्हीकडचे मोर्चे इथंच येतील, अन् आपल्याकडं बसायला खुर्च्या चार."

म्हणून केंद्रात नियम झाला. नाव बदलायचं नाही. फाईलीची नक्कल करायची, नकलेला नवं नाव द्यायचं, नंतर जुनी फाईल काढून टाकायची. म्हणजे नवी आली, जुनी गेली, बदल कुठंच झाला नाही. पापणी लवायच्या कामाला अर्धा दिवस लागू लागला. फणी इकडून वाचायची, तिकडं लिहायची, पुन्हा इकडं धावायची. आधीच मी अस्वस्थ, त्यात ही येरझार.

केशरबाईचाही एक अर्ज होता. तिच्या वस्तीला लोकांनी भीमनगर नाव दिलं होतं, वेशीवर निळी पाटी लावली होती. पण माझ्यावर अजून जुनंच होतं: 'महारवाडा विहीर'. दर उन्हाळ्यात आकडा चढवताना तिला ते वाचावं लागे. "साहेब, तेवढं बदला," ती म्हणे. भगवानराव म्हणत, "बघू." त्यांचे सगळे 'बघू' माझ्यावर साठवले असते, तर दुसरा पॅक मागवावा लागला असता.

मग सत्त्याऐंशीचा उन्हाळा आला. तो कोरडा होता. वरून निरोप आला: ज्या विहिरींनी तळ गाठला आहे, त्या शासन खोल करून देणार. संध्याकाळच्या जीपनं त्यांची नावं पाठवा. आज जी विहीर जाणार नाही, ती राहिली.

त्या दिवशी केशरबाई डबा न खाता बसली होती. यादी यंदाच्या नावानं काढायची, म्हणून सूर्यभाननं रीतीप्रमाणं नक्कल सुरू केली. पण वर्षागणिक वाढत गेलेल्या फाईलींनी मी भरत आलो होतो. निम्म्यात जागा संपली, आणि यंत्रानं अर्धवट नक्कल टाकून दिली.

"साहेब, जागा न्हाई."

"मग आधी जुनी काढ," भगवानराव म्हणाले. "जागा होईल."

"जुनी काढल्यावर नक्कल कशाची करू?"

"नव्याची कर की! जीप यायलीय, सूर्यभान, वाद घालू नको."

सूर्यभानला वाटलं, साहेबांच्या बोलण्यात काहीतरी तर्क असणार. आपल्याला तो मागाहून समजेल. त्यानं जुनी फाईल काढायचा हुकूम दिला.

मित्रांनो, त्या दुपारी परभणी जिल्ह्यातल्या सगळ्या विहिरी नाहीशा झाल्या. मोटारी, पाणी आणि बेडूक जागच्या जागी होते. फक्त विहिरी नव्हत्या.

सूर्यभाननं यंत्राला पुन्हा पुन्हा विचारलं. यंत्र म्हणालं, अशी फाईल नाही. कपाटातले कागद काढले, तर त्यांत वाळवीनं आपली वस्ती केली होती. टेपवरची प्रत आठवली. पण ती सटवाजीनं पंधरा ऑगस्टला पताका ओवायला घेतली होती. "चकाकती छान," तो म्हणाला.

आणि मी? मी गरगर फिरत होतो, आणि सगळ्या विहिरी माझ्या अंगावर होत्या! एकही पुसली गेली नव्हती. पुसली होती ती फक्त सूचीतली ओळ. दाराची पाटी काढली म्हणून घर पडत नाही. पण मला तोंड नाही. वाचणारी डोकी आहेत वीस, बोलणारं एकही नाही. मी नुसता फिरत राहिलो. मला इतकं असहाय कधी वाटलं नव्हतं.

भगवानराव घाम पुसत होते, स्वेटर घालून. "जाऊ दे," ते म्हणाले. "वर कळवू, यंत्र बिघडलं. निदान जागा तरी झाली. कापसाची फाईल राहिलीय, ती चढवून टाक."

सूर्यभान जागचा हलला नाही. अगदी हळू म्हणाला, "विहिरी तिथंच असतील अजून."

"कुठं?" केशरबाईनं विचारलं.

"चकत्यांवर. मी नुसतं नाव काढलंय."

"मग पुसलं कवा जाईल?"

"त्या जागेवर दुसरं काही लिवलं की."

केशरबाईनं खोलीत नजर फिरवली. कापसाचे आकडे भोकं पाडलेल्या कार्डांवर होते, आणि कार्डांचं लाकडी खोकं यंत्रापाशी तयार ठेवलं होतं. ती गेली, पदर खोचला आणि त्या खोक्यावर बसली.

"केशरबाई, उठा."

"न्हाई उठत, साहेब."

"ते खोकं शासकीय आहे."

"म्या बी शासकीयच हाय. रोजंदारी का असंना."

"कापूस आजच चढला पायजे!"

"कापूस वाळलेलाच असतोय, उद्या चढंल. माझी माय ह्या वक्ती हिरीत उतरायली. हीर यंत्रात न्हाई म्हणल्यावर ती वर येणार हाय का?"

सटवाजी म्हणाला, "साहेब, दुसऱ्या खोक्यावर मी बसू का? पाय दुखायलेत." उत्तराची वाट न बघता तो बसला.

सूर्यभानला तेवढ्यानं धीर आला. त्यानं यंत्राला नवाच हुकूम दिला: नाव विचारू नको, पहिल्या कड्यापासून एकेक कडं वाच आणि जे दिसेल ते छाप. फणी हलली. माझ्या आयुष्यात ती इतकी सावकाश कधी चालली नव्हती. छपाईयंत्र खडखडू लागलं. आधी गेल्या सालचा कापूस निघाला. मग कर्मचाऱ्यांच्या रजा. त्यांत भगवानरावांच्या इतक्या निघाल्या, की त्यांनी तो कागद घडी करून खिशात घातला. मग जुनी हजेरीपत्रकं. बाहेर जीपचा भोंगा वाजला. पुन्हा हजेरीपत्रकं. सगळे कागदाकडं बघत होते, आणि मी मनात म्हणत होतो, पुढं या, आणखी थोडं पुढं या.

कागदावर अक्षरं उमटली: 'जिंतूर'. त्याखाली विहिरी. एकामागून एक.

सटवाजीनं टाळी वाजवली. केशरबाई उठली नाही. "आधी नीट जागेवर लावा," ती म्हणाली.

"आता सूचीत नाव घातलं की झालं," सूर्यभान म्हणाला. "साहेब, काय नाव घालू?"

"जुनंच घाल."

"जुन्या नावानं यंदाची यादी निघणार न्हाई."

"अन् नवं घातलं, तर ते बदलणं झालं."

"झालं."

पुन्हा भोंगा वाजला. भगवानराव छताकडं बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "ह्या घडीला तिचं नाव काय आहे?"

"काहीच न्हाई. मीच काढलंय ना."

"मग जिला नावच न्हाई, तिचं नाव बदलणार कसं?" त्यांचा चेहरा उजळला. "हे बदलणं न्हवंच. हे बारसं आहे! बारशाला वरून आदेश लागत न्हाई." आनंदाच्या भरात त्यांनी स्वेटर काढला. आत दुसरा स्वेटर होता. "पण बारशाला नाव आत्या ठेवती. आत्या कोण हाय इथं?"

सगळ्यांनी खोक्याकडं पाहिलं.

"विहिरी," केशरबाई म्हणाली.

"अन् साल?"

"साल कशाला? हीर काय दरसाल नवी येती का?"

सूर्यभाननं नाव घातलं. यंत्राला फाईल दिसली. जिल्ह्याला विहिरी परत मिळाल्या. भगवानराव म्हणाले, "आता तरी उठा, आत्याबाई."

"आत्याचा मान राहिलाय."

"साडी देऊ. सगळे मिळून देऊ."

"साडी नको. आमच्या हिरीचं बी बारसं करा."

भगवानरावांनी काढलेला स्वेटर पुन्हा अंगात चढवला. मग म्हणाले, "तिला नाव आहे, केशरबाई."

"ते आमी ठेवलेलं न्हाई."

जीपचा ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला. भगवानरावांनी त्याच्याकडं पाहिलं, केशरबाईकडं पाहिलं आणि सूर्यभानला म्हणाले, "घाल. काय विचारलं कुणी, तर माझं नाव सांग."

फणी धावली, त्या कड्यावर थांबली. जुन्या अक्षरांवर 'भीमनगर विहीर' ही अक्षरं बसली, आणि जुनी कायमची गेली. पुसणं म्हणजे खरं काय असतं, ते मला त्या क्षणी कळलं. नाव नुसतं खोडलं तर खाली सगळं शिल्लक राहतं. त्याच जागेवर दुसरं लिहिलं, तरच आधीचं जातं. ज्या गोष्टीची दुपारभर मला धास्ती होती, तीच संध्याकाळी मला आवडली. मी सुखानं दोन फेरे जास्त फिरलो. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

केशरबाई उठली. यादी गेली. पावसाळ्याआधी भीमनगरच्या विहिरीतून उरलेले दगड निघाले, आणि खाली नवा झरा लागला. पुढच्या उन्हाळ्यात बायनाबाई काठावर उभी राहून पोहरा ओढत होती. शेजारणींना सांगत होती, "मला आता उतराया येत न्हाई बाई, सवय मोडली."

माझं पुढचं आयुष्य सगळ्या जुन्या वस्तूंसारखंच गेलं. टेबलावर मावणारे संगणक आले. यंत्र भंगारात निघालं. मी एका कोपऱ्यात धूळ खात पडलो. जिच्या एका कणाला बंदी होती, तीच धूळ. शेवटी कुणीतरी दांडा काढला आणि मी वाटला गेलो. एक चकती जिंतूरच्या एका शाळेत घंटा झाली. एकीला काटे लावून भगवानरावांनी गंगाखेडच्या घरी घड्याळ केलं. ते मागं चालतं. सटवाजीच्या चकतीवर पापड वाळतात. अकरा ठिकाणी राहून मला सगळीकडचं कसं समजतं, असं विचारू नका. आत्मवृत्तात असले प्रश्न विचारत नाहीत.

केशरबाईनं मात्र सूर्यभानला विचारून चकती घेतली. "आमची हीर कितव्या चकतीवर हाय?" त्यानं वरून चौथी काढून दिली.

आज तुमच्याशी बोलतो आहे ती ही चौथी चकती. भीमनगरात, वेशीवरच्या निळ्या पाटीखाली सगळ्यांसाठी एक रांजण भरून ठेवलेला असतो. मी त्याचं झाकण आहे. माझ्या मधल्या भोकावर पेला उपडा घालतात. रांजणात पाणी त्याच विहिरीचं, आणि माझ्या अंगावर, कुणाला वाचता येत नसलं तरी, त्याच विहिरीचं नाव.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत संक्रांतीच्या दिवशी रेडिओवर बातमी आली, की विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव घातलं. त्या दिवशी वस्ती नाचली, आणि तहान लागली म्हणून मला इतक्या वेळा उचललं, की पुन्हा जुने दिवस आल्यासारखं वाटलं. भगवानराव मुद्दाम गंगाखेडहून एसटीनं आले होते. पाणी पिऊन म्हणाले, "सुरुवातीलाच बारसं म्हणायला पायजे होतं. सोळा वर्षं वाचली असती."

केशरबाई हसली नाही. सोळा वर्षांत काय काय गेलं, ते तिला ठाऊक होतं. तिनं त्यांच्या हातातला पेला घेतला, पुन्हा भरला आणि त्यांना दिला.

मित्रांनो, शेवटी काही उपदेश करायची रीत आहे. माझ्यापाशी मोठा उपदेश नाही. सूचीतून काही गेलं, तर गेलं म्हणून लगेच उठू नका. ते बहुतेक तिथंच असतं. फक्त त्याच्यावर दुसरं लिहिलं जाण्याआधी कुणीतरी खोक्यावर बसावं लागतं.

आणि पाणी प्यायलात की झाकण परत ठेवत चला. मला उघड्यावर करमत नाही.